साडेचारची सुट्टी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ताईचा हात म्हणजे वीज. वाळवणीच्या यंत्रातून गरम चादर निघाली की एक टोक ताईकडे, दुसरं तिच्या जोडीदारणीकडे, जिला सगळे बडबडी म्हणत. झटका, घडी, पुन्हा घडी, की तिसरी घडी हवेतच. अकरा वर्षं दोघींनी एकमेकींकडे न बघता घड्या घातल्या होत्या. बडबडी बोलायची, ताई हुं म्हणायची.

जोडीमागे दिवसाच्या चारशे चादरी झाल्या की सुट्टी, असं जुन्या साहेबांनी ठरवून दिलं होतं. बाकीच्या बायकांना सहा वाजत. ताई साडेचारला चपला घालायची. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले; पाच वाजता त्यांना उठवून खिडकीशी बसवलं नाही, तर पाठ पेटायची. ताईची सगळी घाई त्या पाच वाजण्यासाठी होती. हे एकट्या बडबडीला ठाऊक होतं.

मग साहेब बदलले आणि बडबडी मुकादम झाली. ताईने पेढे न मागता तिला गच्च मिठी मारली.

पुढच्या महिन्यात भिंतीवर ताईचा फोटो लागला, ‘सर्वोत्तम कर्मचारी’. खाली नवा नियम : प्रत्येक जोडीने सहापर्यंत पाचशे वीस चादरी. लवकर सुट्टी बंद.

“घ्या, हिच्या घाईने आमची हाडं मोडली,” इस्त्रीवाली म्हणाली. “बघ गं, फोटोतल्या बाईला तरी साडेचारला सोडतात का!”

बायका हसल्या. ताई सरळ मुकादमाच्या टेबलाशी गेली.

“आमचा वेग तू सांगितलास?”

“साहेबांनी विचारलं, सगळ्यात चांगलं काम कोणाचं? तुझं नाव घेतलं. चूक केली?”

“मी का पळते, तेही सांगितलंस?”

बडबडीने कागद सारखे केले. “ते सांगून काय होणार होतं, ताई? माझीही नवी नोकरी आहे गं.”

ताई वळली. मागून बडबडीचा आवाज आला, “मुकादमाला चारला सुट्टी असते. मी जाईन बाबांकडे. घराची किल्ली दे.”

तोंडावर फेकावी असं वाटलं. पण पाच वाजणार होते, रोज वाजणार होते. शेजारीण संध्याकाळच्या कामाला जायची, भाऊ दूर गावी. ताईने किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या हातात दिली नाही.

संध्याकाळी ती दमून घरी आली, तेव्हा बाबा खिडकीशी बसलेले, केस विंचरलेले, कपाळावरची आठी गेलेली.

“तुझी मैत्रीण देवमाणूस आहे हो,” ते म्हणाले. “किती हळू उठवते! तुझ्यासारखी घाई नाही तिला. उद्याही येते म्हणाली.”

ताई दाराशीच उभी राहिली.

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि चपला काढायला खाली वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.