एका आवाजाच्या पाच बायका

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत गावातल्या शाळेत होते. पाचवीचा वर्ग डोंबिवलीत होता आणि तिकडे पोरींना पाठवायची पद्धत नव्हती. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, दोन ओळींच्या जागेत एक ओळ लिहिते. मुलीच्या जुन्या वह्यांची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहीत आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच तर चुकांकडे बघू नका.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात प्रत्येक कामाला गाणं असतं. हळद दळायचं वेगळं, तांदूळ पाखडायचं वेगळं, नवरीला बाहेर आणायचं वेगळं. या गाण्यांना धवले म्हणतात आणि जी पुढे होऊन ते म्हणते ती धवलारीण. माझी सासू धवलारीण होती. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या चार बायका ती उचलायच्या. अकरा वर्षं मी त्या चारांत बसले. ती गेली तेव्हा सगळे धवले पाठ असलेली मी एकटीच होते, म्हणून मला पुढे बसवलं. तेव्हा मी नुकतीच बत्तीस वर्षांची झाले होते.

मी लाजरी आहे. बाजारात भाव करायला जावेला पुढे करायचे. पण मांडवात डोक्यावरून पदर कपाळापर्यंत घेतला की चालायचं. तिथे सगळे नवरीकडे बघत असतात, गाणारीकडे कोणी बघत नाही. मी मात्र हातांकडे बघायचे. जातं फिरवणाऱ्या बायकांचे हात दमले, हळद संपत आली, की कडवं आवरायचं. हळद उरली असली तर नावं घालत जायचं. नवरीच्या मामाचं नाव, मामीचं, आत्याचं, मोठ्या काकाचं. लग्नघरी गेल्यावर आधी नावं विचारून घ्यायची, हे सासूने पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. गाणं किती लांब असतं असं कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. हळद दळून होईपर्यंत असतं.

माझ्या मागे बसणाऱ्या चौघींत चुलत सासू सगळ्यात मोठी होती. तिला सगळं गाव काकी म्हणायचं. आवाज जाड झाला होता, पण मी एखादं नाव विसरले तर मागून तीच पुढची ओळ म्हणून मला सावरून घ्यायची. मग घरी जाताना म्हणायची, तुझ्या सासूच्या जागी म्हैस बसवली असती तरी तिने नावं लक्षात ठेवली असती. बाकीच्या तिघी हसायच्या. मीही हसायचे. लग्नामागे साडी, नारळ, पायलीभर तांदूळ आणि थोडे पैसे मिळायचे. पैसे पाच जणींत सारखे वाटायचे. पुढे बसणारीला जास्त, असं आमच्यात नव्हतं.

नव्वद सालानंतर शेतं विकली गेली आणि लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली. हॉल तासावर मिळतो. मांडवाच्या दारात कीबोर्डवाले यायला लागले. एका माणसाच्या पेटीतून ढोलकी, सनई, टाळ सगळं वाजायचं. आमचा आवाज त्यात बुडायचा. एका लग्नात आम्हाला सांगितलं, तुमचं दहा मिनिटांत उरका. काकी तिथून उठून सरळ घरी गेली.

माझा धाकटा दीर तेव्हा कंपनीतून सुटला होता. कंपनी बंद पडली म्हणून हिशेब मिळाला होता आणि त्यातून त्याने स्पीकरचा धंदा टाकला होता. एकदा त्याने आम्हा पाचही जणींना ओट्यावर बसवलं आणि म्हणाला की आता ठाण्याला कॉम्प्युटरवर गाणी भरतात. धवल्यांची कॅसेट काढायची. मंडळ करायचं, त्याला नाव द्यायचं, म्हणजे उद्या स्पर्धेत, कार्यक्रमात बोलावतील. धवले कोणी विसरणार नाही. तो वाईट हेतूने बोलत होता असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याला खरंच वाटत होतं की आम्ही बुडतोय आणि तो दोर टाकतोय.

मंडळाला अध्यक्ष लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तेच हो धरलं गेलं. कागदावर मी सही केली.

पैसे आमचेच घालायचे ठरले, प्रत्येकी दोन हजार. तिघींचे भाजी आणि अंडी विकून साठवलेले होते. काकीने सुनेला न सांगता तांदळाच्या कणगीतून काढून आणले, नोटांना तुसं लागली होती. चौघींनीही पैसे दिराच्या हातात दिले नाहीत, माझ्या हातात दिले. मी ते दिराला दिले. कॅसेट खपली की पहिले तुम्हा चौघींचे हे आठ हजार परत, असं मी चौघींना म्हणाले. तेवढंच एक वाक्य मी अध्यक्ष म्हणून बोलले असेन.

स्टुडिओ ठाण्यात नौपाड्याला होता, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दीर आम्हाला घेऊन गेला. चौघी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. काकीने नाकातली नथही घातली होती, कोणी बघणार नसलं तरी. मशीनवाला माणूस चाळिशीचा, सभ्य, आवाज हळू. त्याने आम्हाला पाणी दिलं, सगळ्यांची विचारपूस केली. मग मला एकटीला काचेच्या खोलीत नेलं, कानांवर ते ऐकायचं यंत्र घालायला दिलं आणि एक धवला म्हणायला सांगितला. मी म्हणाले. समोर जातं नाही, हात नाहीत, नवरी नाही. कुठे थांबायचं तेच कळेना. त्याने काचेतून हात वर केला तेव्हा थांबले.

तो आत आला आणि म्हणाला, "ताई, तुमचा आवाज छान लागलाय. या एका आवाजाच्या मी कॉम्प्युटरवर पाच बायका करून देतो. बाकीच्यांना आत आणायला नको, त्यांचे सूर मागे-पुढे होतात. वेळ वाचेल, पैसे वाचतील. अध्यक्ष तुम्हीच ना? चालेल ना?"

काचेपलीकडे दाराची फट होती. त्यातून बाहेरचं बाकडं दिसत होतं आणि बाकड्यावर चौघी ओळीने बसलेल्या. एक जण सुपारी कातरत होती.

तो मला विचारत होता. त्याने जबरदस्ती केली नाही, फसवलं नाही. मी नाही म्हणाले असते तर त्याने चौघींना आत घेतलं असतं, दोन तास जास्त लागले असते, एवढंच.  मी हो म्हणून मान हलवली.

मग त्याने सांगितलं की प्रत्येक ओळ एकदाच म्हणा, पुढच्या वेळी मी तीच चिकटवतो. आणि कडवं चार मिनिटांत बसवा. नावांची जागा आली तेव्हा मी अडले. नावाशिवाय धवला पुढे सरकत नाही. तो म्हणाला, कुठलीही घाला, काय फरक पडतो. मला दुसरी सुचेनात. मी माझ्या मुलीच्या मामाचं नाव घातलं, आत्याचं घातलं, माझ्या जावेचं घातलं. घरातल्या सगळ्यांना त्या पेटीत भरून ठेवलं.

आठ दिवसांनी भांडी घासताना मला सुचलं की नावांच्या जागी नुसतं वाजवणं ठेवायला सांगता आलं असतं. तेवढ्या जागेत त्या त्या मांडवातल्या बायकांनी आपली नावं म्हटली असती. यंत्रही चाललं असतं आणि आम्हीही लागलो असतो. इतकी साधी गोष्ट. पण जिला पुढे बसवलंय तिला ती खुर्चीत असताना सुचायला हवी, मोरीत नव्हे.

दुपारी तीन वाजता मी काचेच्या खोलीतून बाहेर आले. चौघी उठल्या, पदर सारखे केले आणि आत जायला निघाल्या. दिराने सांगितलं, झालं सगळं. काकीने माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधत बसले. 

कॅसेट निघाली. दिराने ती कल्याणच्या एका दुकानदाराला एकरकमी विकली. पुढे किती खपल्या ते त्याला माहीत, आम्हाला नाही. आलेल्या रकमेत दिराने नवे स्पीकर घेतले, म्हणाला धंदा वाढला की तुमचे देतो. मी हेही ऐकून घेतलं.

पुढच्या लग्नसराईत आंबिवलीला एका नात्यातल्या लग्नाला गेले. पाहुणी म्हणून, गायला नाही. हळदीला बायका जात्यावर बसल्या आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. पाचपट झालेला. तो दुसऱ्याच्या मांडवात माझ्या मुलीच्या मामाला साडी घेऊन बोलावत होता, माझ्या जावेला हळद लावायला पुढे ये म्हणत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं आता कोणीतरी विचारेल, ही कोणाची नावं? कोणी विचारलं नाही. हळद अर्धी दळून झाली होती तेवढ्यात गाणं संपलं आणि नवरीला बाहेर आणायचं गाणं लागलं. जात्यावरच्या बायकांनी हात भराभर चालवले. हळद जाडी राहिली ती तशीच उचलली. तेही कोणाला खटकलं नाही. जेवणं वेळेवर झाली.

त्या वर्षी आम्हाला दोन लग्नांना बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षी एकालाही नाही.

दिराला मी एकदाच विचारलं, तेही भाकरी वाढताना. तो रागावला नाही. म्हणाला, "वयनी, मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं. त्यात तुमचा आवाज तरी नसता." मी त्याला दुसरी भाकरी वाढली, कारण त्यात थोडं खरं होतं.

मग एक दिवस काकी घरी आली. ओट्यावरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "आमी चौघी बाकऱ्यावर बसलू व्हतू. तू आतमधी व्हतीस. तवा तू कनाला गप बसलीस?"

मी म्हणाले, मशीनवाल्याने विचारलं, मला नाही म्हणता आलं नाही.

"मंग आता आयक. तुजा एकलीचा आवाज पाच बायांचा झाला ना? तर पाच बायांचं पैसं पन तूच दे. तुज्या दिराकं आमी नाय जाव. आमी तुज्या हातान दिलं."

आणि गेली.

माझ्या नवऱ्याने सांगितलं, दिराकडून मागू. मी म्हटलं नको. आयुष्यात पहिल्यांदा मी नको म्हणाले आणि तेही चुकीच्या ठिकाणी, असं तो म्हणाला. असेल. पण काकीचं बोलणं मला पटलं होतं.

स्टेशनजवळच्या एका खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या लागायच्या. मी रोज सकाळी चाळीस भाकऱ्या थापून द्यायला लागले. खानावळवाला महिन्याने पैसे द्यायचा, फाटलेली भाकरी मोजायचा नाही. पीठ आणि लाकडं जाऊन उरेल त्यातून आधी तिघींचे फेडले, आळीपाळीने, शंभर-दोनशे करत. एकीने शेवटचे तीनशे नको म्हटलं. मी तिच्या पदरात टाकून आले. तिघीही वाईट वागल्या नाहीत, पण पैसे घेताना कोणी बस म्हणाली नाही.

काकीने सांगितलं होतं, माझे शेवटी दे, मला घाई नाही. तिच्याकडे महिन्याच्या महिन्याला जायचे. ती मला बसवायची, चहा द्यायची, नोटा कमरेला खोचायची. गुडघ्यांबद्दल बोलायची, सुनेबद्दल बोलायची. धवल्याबद्दल एक शब्द काढायची नाही. मधेच तिच्या नातीचं लग्न ठरलं. मला वाटलं, आता तरी आम्हा पाचांना बसवेल. मी मनात नातीच्या सगळ्या नातेवाइकांची नावं लावून ठेवली होती, मामाकडून, आत्याकडून, क्रमाने. हॉल ठाकुर्लीला घेतला होता, स्पीकर माझ्या दिराचे होते. हळदीला कॅसेट लागली. काकी खुर्चीवर भिंतीकडे बसून होती. ओळ आली की तिचे ओठ हलत होते. मी मागच्या रांगेत होते. ती वळून माझ्याकडे बघेल म्हणून मी जेवायलाही उठले नाही. ती वळली नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी शेवटचे दीडशे घेऊन गेले. काकीने नोटा उजेडात धरून बघितल्या, तिची नजर अधू झाली होती. मी सांगितलं की हे शेवटचे, आता काही राहिलं नाही. तिने नोटा कमरेला खोचल्या. मीच धीर करून म्हणाले, काकी, मी येत जाईन अधूनमधून.

"ये की. नको कोन बोलतंय," ती म्हणाली. "पन कामाबिगर कोन कोनाकं येतंय."

मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि उठले. चौघींचे मिळून आठ हजार पूर्ण फिटले होते.