आधी थोबाडीत, मग सुई

सुईवाले मामा आधी पोराच्या थोबाडीत मारत, मग बोटाला सुई टोचत. पोर गाल चोळेपर्यंत रक्ताचा थेंब काचपट्टीवर आलेला असे. "गाल दुखला की बोट कळत न्हाय," असे ते म्हणत. सरकारी हिवताप खात्याचे हे कर्मचारी माकणीजवळच्या आमच्या वस्तीवर सायकलने येत.

भर उन्हाळ्यात ते खेळती, धडधाकट पोरे धरत. लोकांना राग होता तो याचाच. मामा ओरडत, "पावसाळ्यात हुडहुडी भरल्यावर कुणालाबी कळतंय! उन्हाळ्यात हिवतापाचं बीज ताप न आणता रक्तात दडून बसतंय. तवाच गाठायचं."

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांची होते, धाकटी शेवंता चारची. सायकलची घंटी ऐकताच आईने शेवंताला धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरवले आणि वर सूप झाकले. मी सापडले. माझ्या थोबाडीत बसली, बोट रक्ताळले, आणि नेमके तेव्हाच धरणाच्या कामावर खडी फोडून आबा, माझे वडील, दारात आले.

"ताप न्हाय, थंडी न्हाय! अर्ध्या भाकरीवरच्या लेकराचं रक्त नेताव व्हय?"

आबांनी हातोडीचा दांडा मामांच्या डोक्यात घातला. दुसरा घाव उजव्या मनगटावर बसला, हाड वाजले. काचपट्ट्या पायाखाली चुरल्या. डोक्यातले रक्त डोळ्यांवर ओघळले तरी मामांनी माझ्या रक्ताची काचपट्टी डाव्या मुठीत जपली होती. तेवढ्यात कणगीत शेवंता खोकली.

"एक राहिलं," मामा म्हणाले. आबांनी पुन्हा दांडा उगारला.

पंधरा दिवसांनी मामा हात गळ्यात बांधून आले. आबा कामावर होते. माझ्या रक्तात हिवताप निघाला होता. "गिळ, न्हायतर लाथ घालीन," म्हणत मामांनी डाव्या हाताने माझे नाक दाबून गोळ्या घशात लोटल्या. ते सुई घेऊन शेवंताकडे वळले, तिला मात्र आईने पदराआड ओढले. "हिला काय झालंय? त्यांना कळलं तर मला जित्ती ठेवणार न्हाईत."

पाऊस पडला. धरणासाठी खणलेले खड्डे भरले, डास माजले. शेवंताला हुडहुडी भरली, तिसऱ्या दिवशी झटके आले. गाडीला बैल जुंपेपर्यंत ती गेली. आबांनी त्याच दांड्याने कणगी ठेचून काढली.

मी जगले, शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. ती पदवी मी मनोमन मामांच्या त्या डाव्या मुठीला वाहिली आहे.

शेवंता गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घंटी वाजली. आबा स्वतःच मला घेऊन बाहेर आले, मामांसमोर उकिडवे बसले. आपलेच बोट पुढे केले, गालही पुढे केला.

"आधी मारा," आबा म्हणाले.

मामांचा उजवा हात मनगटातून वाकडाच राहिला होता. त्यांनी दातांनी सुईची पुडी फाडून डाव्या हातात सुई घेतली.

"आता मारता येत न्हाय," ते म्हणाले. "बोट धरा."