विळीला हात न लावता

अगो सुमन, फोन नीट कानाला धर आणि आधी माझी बोलणी खा. सातवा लागलाय, चंद्राचं गिराण आलंय, सासू मागच्या खोलीत कोंडणार, पाणीसुद्धा देणार नाय, हे रडत सांगतेस. आणि वर विचारतेस, "काकी, तुम्हीपण पाळलंच असेल ना?"

पाळलं. ऐक.

मी पोलादपूर सोडलं तेव्हा नंदा तान्ही होती. स्टँडवर मुंबईची एसटी लागलेली, ऊन मरणाचं, पोर घामानं भिजलेली. आई पोचवायला आली होती. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तोंड झाक पोरीचं." नंदाचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला होता ना.

वाडीनं कारण ठरवून टाकलेलं: हिनं गिराणात विळीवर चिरलं. तुझी सासू, माझी थोरली जाऊ, पाणवठ्यावर सांगत सुटली, "माझ्या डोळ्यांनी बघितलं, भोपळा चिरत व्हती." कुठून बघितलंस, बाई? बाहेरून कडी तूच घातली होतीस. विळी चुलीपाशी आणि मी कडीच्या आत. घशाला कोरड पडली, पण कूस बदलली नाही की पाणी मागितलं नाही. तरी पोरीचा ओठ बघून सगळ्या वाडीला विळी दिसायला लागली. मी अंगणात आले की गरोदर बाया दारं लावायच्या. तुझे काका मुंबईहून आले, तेही म्हणाले, "खरं सांग, चिरलंस काय?"

इकडं मुंबईत डॉक्टरनं ओठ शिवला आणि सांगितलं, गिराणाचा काही संबंध नाही. डोंबिवलीत नंदाच्याच पुस्तकांवर मी वाचायला शिकले. त्यात तो भेटला, इटलीतला दुर्बीणवाला. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. नळीत भिंगं घालून त्यानं ती आभाळाकडं धरली. चंद्र गुळगुळीत नाही, आपल्या आंबेनळी घाटासारखे डोंगर आहेत त्यावर, हे पाहिलं. लग्न जमवताना आपण ज्याचं बळ बघतो, त्या गुरूभोवती चार चंद्र फिरताना पाहिले. म्हणजे सगळंच काही आपल्याभोवती फिरत नाही. पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, असं म्हणायला लागला. काही पंडित तर नळीला डोळासुद्धा लावेनात. शेवटी धर्माच्या न्यायालयानं गुडघ्यावर बसवून त्याच्याकडून ते खोटं म्हणवून घेतलं आणि मरेपर्यंत त्याला घरात कोंडलं. हे वाचलं आणि त्या पंडितांत मला तुझी सासू दिसली, डोक्यावर पदर घेऊन. बघायचं नाही, पण सांगायचं. आणि वर कडी घालायची.

मी तिला माफ केलेलं नाही. वाडीलाही नाही. आई गेली तेव्हा गावी गेले होते, तिथलं पाणीही न पिता परत फिरले. गाव आठवतं, नाय असं नाही. पण आठवायला बसलं की आधी त्या कडीचा आवाज येतो.

गिराण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, बस. तुझ्या पोटात तिचं काय काम? तू जेव, पाणी पी, हवी तशी कूस बदल. नंदाच्या ओठावर आता बारीक रेघ तेवढी राहिलीय, त्यावरून लिपस्टिक लावून ऑफिसला जाते. पोरीचं तोंड झाक असं जिथं कुणी म्हणत नाही, ते माझं घर.

तुझंही होईल. डॉक्टरला विचार, नवऱ्याला सोबत घे, वीर स्टेशनावर गाडी धर आणि गिराणाच्या आधी ये. गॅलरीत तुझ्यासाठी खुर्ची टाकून ठेवते, चंद्राकडं तोंड करून.