सहाची घंटी अकरात

घंटीमास्तरांना भिंत फोडलेली खपत नसे. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारांवर घंट्या बसवल्या, इंटरकॉम बसवले, बिघडलेले दुरुस्त केले. जुन्या इमारतीत नवं काही घालायचं असलं की आधी तासभर ते नुसते जिने चढत-उतरत आणि भिंतींवर बोटांनी टकटक करत हिंडायचे. जुनी नळी कुठून गेलीय, तिच्यात किती तारा आहेत, त्यातल्या किती अजून जिवंत आहेत, एवढं कळलं की निम्मं काम झालं, असा त्यांचा हिशेब. "भिंतीच्या पोटात सगळं असतं, विचारायची पद्धत पाहिजे," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईकही मान डोलवत असे, कारण दुसरा कारागीर आला असता तर पंधरा दिवस घरात धूळ खावी लागली असती.

अशा माणसाला सगळ्या जन्मात एकच इमारत नडली, आणि ती नेमकी त्यांची सासुरवाडी निघाली.

चार मजल्यांची, सोळा घरांची साधी इमारत. खालच्या दाराशी सोळा बटणांची पाटी, आणि पाटीखाली काचेच्या चौकटीत एक कागद. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं: "सहा क्रमांकाकडे जाणाऱ्यांनी अकरा दाबावे. अकरा क्रमांकाकडे जाणाऱ्यांनी सहा दाबावे. कारण विचारू नये."

अक्षर आप्पांचं. आप्पा म्हणजे मास्तरांचे सासरे, मुक्काम तिसरा मजला, अकरा नंबर. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना भूक लागायची, असं त्यांच्याच घरचे म्हणत. घरी तपासायला कागद नसत, म्हणून ते माणसं तपासत, आणि जावई आयताच हाताशी होता. घरी कुणी पाहुणा आला की ओळख ठरलेली. "हे आमचे जावई. तुम्ही खाली सहा दाबून वर आलात ना? ते यांचंच काम."

एकतीस वर्षं हे चाललं होतं. पहिल्या वर्षी मास्तर हसले, दहाव्या वर्षी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि आता मात्र ते पाहुणा उठायच्या आत चपला घालत.

झालं होतं ते असं. मास्तरांनी स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम म्हणजे या इमारतीचा बोलायचा इंटरकॉम. काम झालं, चाचणी झाली, सोळाच्या सोळा घरांत घंटी बरोबर वाजली. चौथ्या दिवशी अकरा नंबरची मुलगी दुकानात तक्रार घेऊन हजर. आमची घंटी सहामध्ये वाजते आणि सहाची आमच्याकडे. "चाचणीत बरोबर होतं हो," असं मास्तर पुढे जन्मभर शपथेवर सांगत राहिले, पण आप्पांनी त्याची एका वाक्यात वासलात लावली होती. "चाचणीत दाबणारा तू आणि ऐकणाराही तू. मग बरोबरच असणार."

मास्तर पाच वेळा दुरुस्तीला गेले. खालची पाटी उघडली, वरचा फोन उघडला, फोन बदलला, पुन्हा जुना लावला. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या भिंतीत तारांच्या जोडांचा डबा होता, तेवढा उघडला नाही. कारागीर स्वतः बंद केलेला डबा उघडत नाही. त्यात चूक असती तर आपण तो बंद केला असता का, असं त्याचं साधं शास्त्र असतं. शिवाय खरं सांगायचं तर चूक सापडावी अशी मास्तरांना फारशी घाईही नव्हती. प्रत्येक खेपेला अकरा नंबरची मुलगी चहा आणून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत दारातच उभी राहायची. सहा महिन्यांत त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर आप्पांनी फर्मान काढलं, "आता त्या घंटीला हात लावायचा नाही. झालं तेवढं पुरे." आणि दुसऱ्या दिवशी काचेची चौकट आली.

लोकांना सवय झाली. सवय न झालेला एखादा नवा माणूस कधीमधी गोंधळ घालायचा. सहातल्या बाईंचा विमा एजंट चुकून आप्पांकडे पोचला आणि तासाभराने आपल्याच माहितीपत्रकात अकरा चुका घेऊन परत गेला. सहातल्या बाईंनी तो विमा उतरवलाच नाही. आप्पांनी खोडलेलं पत्रक वाचल्यावर त्यांचा विश्वासच उडाला.

यंदा इमारतीच्या बैठकीत व्हिडिओ इंटरकॉम बसवायचं ठरलं. दाराशी कोण आलंय ते घरबसल्या पडद्यावर दिसणार. एका मोठ्या कंपनीने सगळ्या भिंतींना चर पाडावे लागतील असं सांगितलं. मास्तर म्हणाले, "जुन्या दोन तारांवरच नवं यंत्र चालतं. चार दिवस, आणि एक ढलपीसुद्धा पडणार नाही." काम मास्तरांना मिळालं. अध्यक्षांच्या खुर्चीत अर्थातच आप्पा होते.

"चित्र दिसेल," आप्पा म्हणाले, "पण कुणाचं?"

सगळी बैठक हसली. सहातल्या बाई तर डोळे पुसू लागल्या. मास्तरही हसले, पण घरी येताना त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरली. आप्पा ब्याऐंशीचे झाले. या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, काम बरोबर झालंय असं ऐकायचं. छप्पन्न वर्षांच्या माणसाने अशा गोष्टीसाठी झुरू नये हे त्यांना कळत होतं, तरी ते झुरत होते.

पहिले दोन दिवस खालची नवी पाटी आणि पहिला मजला यांत गेले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या डब्याची पाळी आली. नव्या यंत्राची एक पेटी तिथे बसवायची होती, त्यामुळे आता सुटका नव्हती. डबा डोक्याच्या वर, त्यावर रंगाचे तीन थर. मास्तर शिडीवर चढले, पात्याने कडा सोडवल्या आणि झाकण काढलं.

आत त्यांनी स्वतः चिकटवलेल्या नंबरांच्या पट्ट्या होत्या. सहा. अकरा. पट्ट्यांपर्यंत सगळं चोख. पट्ट्यांच्या खाली मात्र दोन्ही जोड्या कुणीतरी कापल्या होत्या आणि उलटसुलट जोडल्या होत्या. मास्तर तारेला नेहमी उजवीकडे पीळ देत. हे पीळ डावीकडे होते. वरून चिकटपट्टीही नव्हती. निळा दोरा घट्ट गुंडाळून, दुहेरी गाठ मारून, टोक गाठीखालून ओढून अगदी कडेला कापलेलं होतं.

मास्तरांनी आधी गाठीकडे पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे पाहिलं. तीच गाठ. त्यांच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

ते शिडीवरून उतरले आणि पायरीवर बसले. पहिल्यांदा आला तो निव्वळ आनंद. चूक माझी नव्हती! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही एकतीस वर्षं! तिसऱ्या मजल्यावर धावत जावं आणि तो जोड आप्पांच्या नाकासमोर धरावा, असं त्यांना वाटलं. ते चार पायऱ्या चढलेही. मग चोर कोण ते नीट ध्यानात आलं आणि पुन्हा तितक्याच उतरले. त्यांनी जोड कापून खिशात घातले, तारा सरळ केल्या आणि नवी पेटी बसवली. शिट्टी वाजवत काम करायची त्यांची सवय होती, पण त्या दिवशी शिट्टी काही वाजेना.

घरी जेवून झाल्यावर त्यांनी खिशातला ऐवज बायकोसमोर ओट्यावर ठेवला.

"हे काय आणलंत?"

"तूच सांग."

तिने दोरा पाहिला, मग नळ उगाचच सोडला आणि बंद केला. "त्या वयात माणूस काहीही करतं," ती म्हणाली. "काम संपवून तुम्ही निघून गेलात. परत यायला काही कारण नको का?"

"अगं, एकतीस वर्षं तुझे वडील मला पाण्यात पाहतायत! आणि तू शेजारी बसून भाजी निवडतेस!"

"पहिल्या खेपेला सापडेल असं वाटलं होतं हो मला. तुम्ही पाच वेळा आलात, पाचही वेळा त्या डब्याखालून गेलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आता तुम्हीच सांगा, माझी चूक मोठी की तुमची?"

मास्तरांनी दोऱ्याची गाठ नखाने सोडवून पाहिली. गाठ काही सुटेना.

ती जवळ येऊन बसली. तिचा आवाज उतरला होता. "आप्पांना सांगू नका. बाकी जगातल्या सगळ्यांच्या चुका काढल्या त्यांनी, माझी एक कधी काढली नाही. आमची मुलगी सरळ, एवढंच त्यांना या वयात उरलंय."

"आणि माझं काय उरलंय?"

ती उठून भांडी आवरू लागली. मास्तर त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्यावर खरोखर चिडले, आणि चिडलेलेच झोपले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चाचणी होती. अर्धी इमारत खाली दाराशी जमली. सहातल्या बाई पडद्यावर दिसायचं म्हणून केस विंचरून आल्या होत्या. कॅमेरा खाली आणि पडदा वर घरात, तेव्हा आपण दिसणार कुणाला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अकरा नंबरमध्ये पडद्यासमोर मास्तरांची बायको उभी होती. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झाले. चष्मा पुसला आणि अकराचं बटण दाबलं.

"आप्पा, नुसतं कपाळ दिसतंय तुमचं," पाटीतून बायकोचा आवाज आला. "टाचा उचला."

सगळे हसले. आप्पांनी टाचा काही उचलल्या नाहीत. त्यांनी सहा दाबलं, सहामध्ये वाजलं. मग एकापासून सुरुवात करून सोळापर्यंत प्रत्येक बटण दाबलं आणि हातातल्या कागदावर खुणा केल्या. लोक कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. शेवटी त्यांनी पुन्हा अकरा दाबलं, वरून "हं" ऐकू आलं, आणि ते मास्तरांकडे वळले.

"म्हणजे एकतीस वर्षं चूक होती, हे सिद्ध झालं. कशाची होती, ते इमारतीला कळू दे."

पाटीवरचा इंटरकॉम अजून सुरूच होता. वर बायको ऐकते आहे, हे मास्तरांना माहीत होतं. पाटीतून श्वाससुद्धा येत नव्हता. मास्तरांचा हात खिशाकडे गेला. जोड तिथेच होते, दोऱ्यासकट. एक मिनिटाचं काम होतं. सगळी इमारत साक्षीला होती, अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

"माझीच," मास्तर म्हणाले. "तारा उलट जोडल्या होत्या मी. नवशिका होतो."

"जाऊ द्या हो," सहातल्या बाई म्हणाल्या, "तेव्हा पोरवय होतं तुमचं." बाकीच्यांनीही माना डोलवल्या आणि सगळे आपापल्या घरचा पडदा बघायला पळाले. आप्पांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, कागदाची घडी केली आणि एवढंच म्हणाले, "हं."

मास्तर दुसऱ्या मजल्यावर डब्याचं झाकण लावायला गेले. त्यांना फार वाईट वाटत होतं. आपण चांगलं केलं हे कळत असूनही वाईट वाटत होतं, आणि चांगलं करून असं वाटतं हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन मळसूत्रं घट्ट झाली तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. आप्पा एकेक पायरी चढत वर आले आणि शिडीपाशी दम खात थांबले.

"सोळाच्या सोळा तपासल्या," आप्पा म्हणाले. "एकही चूक नाही."

मास्तर शिडीवरच थबकले. यापुढे 'पण' येणार, म्हणून ते वाट पाहत राहिले.

"पण खोटं बोलणं तुला जमत नाही," आप्पा म्हणाले. "तारा उलट जोडल्या म्हणालास. बांधल्या कशाने होत्या, ते नाही सांगितलंस."

मास्तर झाकणाचं तिसरं मळसूत्र पिळू लागले.

"निळा दोरा. शिवणाच्या डब्यातला. नवं रीळ होतं."

"आप्पा, तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"ती इथेच स्टुलावर चढली होती. तुझी शिडी आहे ना, त्याच जागी. स्टुलाचा एक पाय आखूड. पडली असती कार्टी."

"मग?"

"मग काय? धरलं मी स्टूल. तिचं सगळं लक्ष वर. गाठ मारून झाली तसा मी घरात जाऊन पेपर उघडून बसलो."

मास्तर शिडीवरून खाली आले. त्यांना रडावं की ओरडावं ते कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं. "आणि एकतीस वर्षं, येईल त्या पाहुण्यासमोर, माझं नाव घेत होतात?"

आप्पांनी वरच्या पायरीवर काठी टेकवली. त्यांना या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"मग काय, पोरीचं घ्यायचं होतं?"