सिद्ध झालं नाही

माझी थोरली जाऊ बेथाया प्रॅट तोंडाने फटकळ होती. पण कनेक्टिकट नदीकाठच्या आमच्या गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांनी जन्मली.

१६६८च्या उन्हाळ्यात इफ्राइम स्टोक्सचं तान्हं बाळ तापलं. बेथाया त्याच्या बायकोला म्हणाली, याला असं कोंदट खोलीत गुंडाळून ठेवू नकोस, हातचं जाईल. तेव्हा मी तिथेच होते. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं आणि तिचा सल्ला शाप ठरला. इफ्राइमने तिच्यावर चेटकाची फिर्याद केली.

मग एकेकाला आठवायला लागलं. कुणाचं लोणी निघालं नव्हतं, कुणाच्या स्वप्नात ती कुत्र्याचं तोंड घेऊन आली होती. सैतानाची खूण शोधायला चार बायकांनी तिला नागवं करून तपासलं. त्यातल्या दोघींची बाळंतपणं तिनेच केली होती. काखेत एक तीळ सापडला, तो पुरावा झाला.

"दुसऱ्याच्या स्वप्नाचा जाब मी कसा देऊ?" तिने न्यायाधीशाला विचारलं. आवाज खाली ठेव, असं उत्तर मिळालं.

तिने तुरुंगातून मला निरोप धाडला, त्या दिवशी ती काय बोलली होती ते कचेरीत येऊन सांग म्हणून. मी निघाले, तर नवरा दारात उभा राहिला. "उद्या तुझं नाव घेतील. मग या चार लेकरांना कोण बघेल?" मी शाल खुंटीला अडकवली. त्याचा राग आला, त्याहून जास्त माझा.

पंचांनी तिला दोषी ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी पाद्र्यांचं मत घेतलं. पाद्री म्हणाले, एकाच कृत्याचे दोन साक्षीदार हवेत. ते नव्हतेच. वर्षभर कोठडीत ठेवून तिला सोडलं, पण गाव सोडायच्या अटीवर.

तिला आणायला मी गेले होते. ती कारकुनाला म्हणाली, "मी चेटकीण नाही, असं लिहून द्या."

"गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढंच लिहिता येतं."

"मग गाव कशाला सोडू?"

"लोकांच्या समाधानासाठी, बाई."

तो दुसरा कागद ओढून लिहायला लागला.

सामान बांधताना मी साक्षीचा विषय काढला, रडू यायला लागलं. "आता बोलून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्या घोंगडीचं टोक धर."

ती होडीने न्यूयॉर्कच्या मुलखात गेली. तिची बातमी तिच्याआधी पोचली होती. तिथल्या लोकांनीही अर्ज केला, ही बाई नको. पुन्हा कचेरी, पुन्हा तेच प्रश्न. अखेर तिला राहू दिलं.

आता ती बकऱ्या पाळते, असं नावाडी सांगत होता. बाळंतपणाला तिला कुणी बोलावत नाही. इकडे आमच्या गावात गेल्या हिवाळ्यात दोघी बाळंतिणी दगावल्या. देवाची इच्छा, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.