मोरीतली गांडुळं

मागच्या महिन्यात सुनेनं गांडुळं मागवली. कुरिअरनं. कुंड्यांसाठी खत करायचंय म्हणे. खोकं घ्यायला दारात मीच होते. कुरिअरवाल्यानं सही मागितली, मी केली, आणि आत काय आहे ते कळल्यावर त्या हाताला तीन वेळा साबण लावला. सून म्हणाली, "आई, पॅक आहेत हो ती." असतील बाई. पण गांडुळाचं कौतुक मला सांगू नये. मी त्यांच्याबरोबर एका खोलीत संसार केलाय.

लग्न होऊन बीडकडून चाकणजवळच्या गावात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि शिष्टपणा पन्नाशीचा होता. आमच्या माहेरी पाऊस पडला तर त्याची बातमी व्हायची. सासरी पलीकडंच भामा नदी, अंगण कायम ओलं, गोठ्यातनं आलेले पाय तसेच घरात. चार महिने मी नाकाला पदर लावून काढले. मग यांच्या मागं लागले, "शहरात खोली घेऊ. तुमची कंपनी जवळ पडेल, दगदग वाचेल." दगदगीचं मला काही नव्हतं. मला चिखल नको होता.

थेरगावात खोली मिळाली. एकच, मोरी आतच, पण फरशी पांढरी! ती मी दिवसातनं दोनदा फिनेलनं पुसायची. माहेरी फोन करून सांगायची, "आई, इथं माशी बसली तर घसरती." चपला दाराबाहेर, भाजीची पिशवी दाराबाहेर. जमलं असतं तर नवराही धुतल्याशिवाय आत घेतला नसता.

यांना ना तंबाखूचं व्यसन, ना पत्त्यांचं. एकच नाद, गळ टाकून मासे धरायचा. कंपनीला सुट्टी गुरुवारी. गुरुवार उजाडला की हे जवळच्या नदीवर, दुपारी जेवायला घरी. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण दुसऱ्याच आठवड्यात हे गावाहून रंगाची जुनी बादली घेऊन आले आणि मोरीत कोपऱ्यात ठेवली. झाकणाखाली ओलं गोणपाट होतं. मला वाटलं, सासूबाईंनी भाजी दिली असेल. गोणपाट उचललं तर त्याच्या खालच्या बाजूला ती चिकटलेली. गुलाबी, ओली, एकमेकांत गुंतलेली. एक सुटून माझ्या मनगटावर पडलं आणि ते गार होतं. तो गारवा अजून आठवतो. मी अशी ओरडले की शेजारीण लाटणं घेऊन आली.

"अगं, गांडुळं आहेत ती. वाम मासळी यालाच लागते," हे म्हणाले.

"बाहेर फेका."

"गावी उकिरड्यात ठेवायचो. इथं उकिरडा कुठंय? तुला नको असतील तर चल परत गावाला. मला काय, मी कंपनीत तिकडनंही जाईन."

झालं. बादली राहिली तर खोली राहणार. मी मनगट साबणानं धुवायला लागले.

मोरीत आंघोळ करताना मी बादलीकडं तोंड करून बसायची. पाठ करायची हिंमत नव्हती. उकाड्यात झाकणाखालनं शेणाचा आंबूस वास यायचा आणि तो भाताला लागलाय असं मला वाटायचं. महिनाभर असंच चाललं. एका गुरुवारी सकाळी मला लवकर जाग आली तर हे मोरीत बसून गांडुळं धूत होते. गाळणीत. माझ्या चहाच्या गाळणीत!

"धुतलेलं गांडूळ गळावर बरं टिकतं," हे म्हणाले, "आणि मी गाळणी परत धुतो की."

महिनाभर मी त्या गाळणीतला चहा प्यायले होते. शेजारणीला आग्रह करकरून पाजलाही होता. तो हिशेब शेजारणीला मी आजतागायत सांगितलेला नाही.

मग यांना ओव्हरटाइम सुरू झाला. बादलीवर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडं आलं. "मरू देऊ नकोस हां," जाताना रोज सांगायचे, जसं काही पाळण्यात लेकरू ठेवलंय. बुधवारी दुपारी वास फारच सुटला. आता माझी हुशारी बघा. गावी मी मासे करताना पाहिलं होतं. धुतलेल्या माशाला मीठ-हळद चोळली की वास मरतो. मी डोळे अर्धे मिटून गोणपाट बाजूला केलं, मूठभर मीठ टाकलं, वर चमचाभर हळद, आणि झाकण लावलं.

थोड्या वेळानं आतनं बारीक चुळबुळ ऐकू यायला लागली. झाकण उघडलं. वरची गांडुळं पिळवटत होती, त्यांच्या अंगातनं पिवळा फेस निघत होता, आणि खालची धडपडत कडेनं वर चढत होती. एक काठावरनं माझ्याकडं लोंबलं. मी मागं सरकले ते बादलीला पाय लावूनच.

पांढऱ्या फरशीवर काळं शेण, पिवळा फेस आणि शेकडो गांडुळं. मोरीतनं ती कॉटकडं निघाली. पहिल्यांदा मला शिसारी आली आणि लगेच दुसरा विचार, आज ओव्हरटाइम नाही, हे साडेतीनला येणार. गांडुळं मेलेली दिसली की सामान बांधायचं. मी पोळीचा चिमटा घेतला. चिमट्यात एक आलं, मधनं तुटलं, दोन्ही तुकडे वळवळायला लागले. चिमटा टाकला, उलथनं घेतलं. रडत होते, उलथन्यावर गांडुळं घेत होते, आणि दारातनं आवाज आला, "काय सांडलं गं?"

सासूबाई. चाकणहून बसनं आलेल्या, काखेत भाजीचं गाठोडं. न कळवता.

"शेवया सांडल्या, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. एक शेवई त्यांच्या अंगठ्याला वळसा घालून चालली होती.

"तुमच्या थेरगावात शेवया चालत्यात व्हय?"

मी कॉटवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मीठ, हळद, सगळं. त्यांनी ऐकलं आणि हसताहसता भिंत धरली. "मीठ झालं, हळद झाली. निस्ता गॅस पेटवायचा राहिला बघ."

मग पदर खोचून त्या खाली बसल्या. तांदळातले खडे वेचावेत तशी नुसत्या बोटांनी गांडुळं वेचली. जगतील ती साध्या पाण्यात दोनदा खळबळली, मेलेली कागदात गुंडाळून मला दिली. "फेकून ये. लांब." ती पुडी हातात मऊ लागत होती. गल्लीच्या टोकापर्यंत मी श्वास धरून गेले. परत आले तर त्यांनी फरशीही पुसून घेतली होती. जिवंत गांडुळं उरली होती निम्मी.

"यांना सांगू नका," मी त्यांचे पाय धरले. "हे मला परत गावाला नेतील."

"आन् आमच्या गावाला काय वाघ हायेत?"

माझा चेहराच बोलला असणार. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बादलीकडं. तेवढ्यात हे आले. आईला बघून खूश झाले, मग नजर बादलीकडं.

"आये, एवढीच कशी राहिली?"



"ह्या फरशीत जीव जगतो व्हय रं?" सासूबाई म्हणाल्या. "कोंदाट नुसतं. मी नेते त्यास्नी माज्यासंगं. उकिरड्यात पोसते. तू गुरुवारी येत जा, तिथनंच घेत जा, नदी काय लांब न्हाई."

"आणि खोली?" हे म्हणाले.

"खोली ऱ्हाऊ दे. पोरीला शहर आवाडतंय."

मी मनातल्या मनात त्यांची ओटी भरली. काय देवमाणूस! उद्या सुट्टी म्हणून संध्याकाळच्या बसनं मायलेक बादली घेऊन गेले. मी खोली फिनेलनं तीनदा पुसली, नवी गाळणी आणली आणि पाय पसरून झोपले. त्या गुरुवारी हे अंधार पडायला परतले. मासे आईनं साफ करून दिलेले, पोट आईच्या हातच्या भाकरीनं भरलेलं. पुढच्या गुरुवारी तसंच. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी भरल्या वांग्याची भाजी करून वाट बघत बसले, आणि वांगी दुसऱ्या दिवशी डब्यात गेली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवड्यातला एकच दिवस नवरा घरी असायचा आणि तोच मी उकिरड्यासकट सासूला देऊन बसले होते, वर पाया पडून. लेक शहरात गेल्यापासनं ती बाई कुठून काय निमित्त सापडतंय ते बघत असणार. मी तिला ते बादली भरून दिलं.

भांडायचं कुणाशी? एकदा मी म्हणाले, "या गुरुवारी घरीच राहा की." हे म्हणाले, "मग बादली परत आणू का?"

मी पांढऱ्या फरशीकडं पाहिलं, मोरीच्या कोपऱ्याकडं पाहिलं, अंगावर सरसरून काटा आला, आणि म्हणाले, "जा तुम्ही. आत्याबाई वाट बघत असतील."