पाय दुमडा तिचे

"पाय दुमडा हो तिचे. फोटोत येत नाहीयेत."

सेक्रेटरी काका हे माझ्या बाबांना म्हणाले. धारमध्ये, आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये, स्टेजवर, शे-दीडशे माणसांसमोर. बाबा वाकले. माझ्या बहिणीचे गुडघे त्यांनी दोन्ही हातांनी धरले आणि वर ढकलले. रेवाने आवाज केला. दुखलं की ती तसा करते, घशातून, लांब. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "खूश झाली बघ."

रेवा अकरा वर्षांची आहे. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. ती बोलत नाही, चालत नाही, मान फार वेळ सावरत नाही. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. आणि तिला बसवलं होतं दोन वर्षांच्या बाळाच्या बाबागाडीत. निळी, परदेशी गाडी. वर छोटं छत, बाजूला दुधाची बाटली अडकवायला गोल कडी. ही समाजातल्या बड्या घरच्या माईसाहेबांच्या नातवाची. तो अमेरिकेहून आला होता तेव्हा आणलेली. नातू परत गेला, गाडी राहिली.

मी स्टेजच्या कडेला उभी होते. हातात कागद. माझं काम होतं आभार मानायचं. इंग्लिशमध्ये.

आम्ही शिंपी. संस्थानाच्या फौजेचे कपडे शिवायला आमचे पूर्वज इकडे आले. माईसाहेबांचे पूर्वज दफ्तरात होते. फौज गेली, दफ्तर गेलं. पण त्यांच्या घरचे पडदे, गाद्यांचे अभ्रे, सुनांचे ब्लाउज आजही बाबा शिवतात. किंवा शिवत होते. मी पहिलीत गेले तेव्हा माईसाहेब म्हणाल्या, हिला इंग्लिश शाळेत घाला, फी आम्ही बघू. त्यांनी बघितली. बारावीपर्यंत बघितली. हे मी नाकारत नाही.

दर दिवाळीला मला त्यांच्या घरी नेत. पाहुणे बसलेले असत. माईसाहेब म्हणत, "म्हण गं काहीतरी, इंग्लिशमध्ये म्हण." मी जमिनीकडे बघून कविता म्हणायचे. मग त्या पाहुण्यांना सांगत, "शिंप्याची पोर आहे, पण उच्चार बघा." सगळे माना डोलवत. मला बेसनाचा लाडू मिळे. मला ते कौतुक वाटायचं. त्यातल्या 'पण'पर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली.

त्यामुळे मी लाजरी झाले की मुळातच होते, माहीत नाही. तोंड उघडलं की ते कुणाच्या तरी उपकाराचं वाटायचं. शाळेत इंग्लिश, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी. मराठी वाचायला तर मी कॉलेजात शिकले, एकेक अक्षर लावत.

आता मी देवासला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. खोली घेऊन राहते, शनिवारी धारला येते. देवासला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत. आई महिन्यातून एकदा रेवाला घेऊन दोन बस बदलून येते. अकरा वर्षांची मुलगी कडेवर. कंडक्टर म्हणतो, "माताजी, इतनी बड़ी का तो टिकट लगेगा." आई तिकीट काढते आणि तिला मांडीवरच धरून बसते, कारण सीटवर ती टिकत नाही.

मॅडमनी रेवाला तपासलं. उजवा गुडघा आत वळलेला दाखवला. म्हणाल्या, "कूल्हा खिसक रहा है. अब गोद में ढोना बंद कीजिए. इसको बड़े बच्चों वाला स्ट्रोलर चाहिए." मग मोबाईलवर चित्र दाखवलं. पाठ मागे कलते. दोन मांड्यांच्या मधे गादीचा ठोकळा, म्हणजे पाय एकमेकांवर जात नाहीत. छातीला पट्टा, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार, पाय टेकायला फळी. किंमत माझ्या तीन पगारांहून जास्त. आईने विचारलं, साधी एखादी चालेल का. मॅडम म्हणाल्या, "गलत गाड़ी से तो बिना गाड़ी अच्छी."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगते.

समाजाचा एक सहाय्य निधी आहे. बाबा दरवर्षी वर्गणी देतात. मी अर्ज लिहिला, अर्धी रक्कम मागितली, मॅडमची चिठ्ठी जोडली. अर्ज मंजूर झाला. नियम असा की एका घराला पाच वर्षांतून एकदाच मदत. आम्ही म्हटलं, ठीक.

मग एका दुपारी सेक्रेटरी काकांचा बाबांना फोन आला. माईसाहेबांनी तोडगा काढलाय. नवीन कशाला घ्यायची? त्यांच्याकडे परदेशी पडून आहे. तीच देऊ, कार्यक्रमात देऊ.

बाबांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ती बाळाची आहे."

ते म्हणाले, "बघू तर. लगेच नाही कसं म्हणायचं?"

मी गप्प बसले. एवढंच नाही. काकांनी सांगितल्यावर आभाराचा कागदही मीच लिहिला. सुंदर इंग्लिशमध्ये. माझ्या बहिणीला न मावणाऱ्या गाडीसाठी.

तर स्टेज. बाबांनी गुडघे धरून ठेवलेले. माईसाहेब गाडीच्या मागे, दांडीवर हात ठेवून. त्यांच्या भाचीने मोबाईल धरलेला, त्यात अमेरिकेतली सून. फोटो झाला. काकांनी माइक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "स्पष्ट बोल. सूनबाई ऐकतायत."

मी कागद उघडला. पहिलं वाक्य होतं, आमच्या कुटुंबातर्फे. मी रेवाकडे बघितलं. बाबांनी हात सोडला होता. उजवा गुडघा आत वळला होता, मॅडमनी दाखवला होता तसाच. ती हॉलच्या पंख्याकडे बघत होती. तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि कुणी पुसत नव्हतं, कारण सगळे फोटोसाठी उभे होते.

मी म्हटलं, "ही गाडी लहान बाळाची आहे. माझी बहीण अकरा वर्षांची आहे. तिचं खुब्याचं हाड सरकतंय. आम्ही ही गाडी घेणार नाही."

माइक चालू होता. आवाज भिंतीवर आपटून परत आला. माझा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

काका हसले. लोकांकडे बघून हसले. "घाबरलीय. अगं, आभार मान, इंग्लिशमध्ये."

"मी मराठीत बोलले. सगळ्यांना कळलंय."

मग दुसऱ्या रांगेतले एक आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "दान की बछिया के दाँत नहीं गिनते, बेटा." थोडे लोक हसले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

माईसाहेब आवाज चढवत नाहीत. त्यांनी भाचीला मोबाईल बंद करायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्हीच शिकवली ना. भोगतोय."

आई खालून स्टेजवर आली. तिने रेवाला काखेत हात घालून उचललं. रेवा निघेना. कंबर दोन्ही बाजूंनी अडकली होती. रेवाबरोबर गाडीच वर उचलली गेली, चाकं हवेत. मागे कुणीतरी पोरगं खिदळलं. मी खाली बसले. पट्टा सोडला, एका हाताने गाडी दाबून धरली, आणि आम्ही दोघींनी तिला ओढून काढलं. तिच्या दोन्ही मांड्यांवर लाल वळ होते. मी ते माईसाहेबांना दाखवायला फ्रॉक वर करणार होते. मग केला नाही. ती अकरा वर्षांची मुलगी आहे.

घरी आल्यावर बाबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तीस वर्षं त्या घराचं शिवलं. तू एका मिनिटात उसवलंस."

मी म्हटलं, "गाडी घेतली असती तर पाच वर्षं दुसरी मागता आली नसती."

"ती आताही येणार नाही. सही मी परवाच केलीय."

मला कळेना. बाबांनी समजावलं, जणू मी परकी आहे. आपल्यात असंच असतं. साडी मिळो, शिलाई मशीन मिळो, पोराची फी मिळो, आधी रजिस्टरवर सही करायची, मग स्टेजवर वस्तू घ्यायची. वस्तू बघून सही करायची म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास. त्यांच्या वडिलांनीही अशाच सह्या केल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: साधन मिळाले, समाधानी आहोत.

जो माणूस गिऱ्हाइकाला कपडा अंगावर घालून बघायला लावतो, मगच पैसे घेतो, त्याने हे न बघता लिहून दिलं होतं.

पुढच्या शनिवारी मी एकटी सेक्रेटरी काकांकडे गेले. म्हटलं, गाडी हॉलमध्येच आहे, नोंद खोडा.

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. गाडी तुमच्या नावावर आहे. न्या, नाहीतर राहू द्या."

"मग गाडी नाकारली असं लिहून द्या."

ते हसले. "अब क्या केस करेगी? ऐक माझं. माईसाहेबांकडे जा, पाया पड. मोठी माणसं आहेत, विसरतील. मग बघू नोंदीचं."

म्हणजे खोडता येत होतं. नियमाने नाही, पाया पडून.

मी पाया पडले नाही. माझी स्कूटी विकली. पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेली. ऑफिसातून ॲडव्हान्स घेतला. आणि देवासच्या दुकानात गाडी बघायला गेलो, मी, आई, रेवा. बाबा येतील असं वाटलं नव्हतं. आले. बसमध्ये वेगळ्या सीटवर बसले.

दुकानात दोन गाड्या होत्या. एक गुलाबी, मोठी चाकं, दिसायला छान. तिची पाठ कलत नव्हती. दुसरी राखाडी, जड, सगळे पट्टे असलेली. आई गुलाबीवरून हात फिरवत राहिली. मी राखाडी म्हटलं. विक्रेता रेवाकडे बघत होता. मग मला म्हणाला, "मैडम, इतनी बड़ी बच्ची के लिए इतना खर्चा? व्हीलचेयर ले लो, सस्ती पड़ेगी. इसको कौन-सा समझ में आना है."

स्टेजवरचा तो आवाज रोज येत नाही.

बाबा मागून म्हणाले, "भिया, ऑर्डर का फारम लाओ. नाप मैं लेता हूँ."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. रेवाला टेबलावर निजवलं. कंबरेची रुंदी. मांडीची लांबी. गुडघ्यामागून टाचेपर्यंत. बैठकीपासून काखेपर्यंत. ती ताठ व्हायची, ते थांबायचे, पाय सैल पडला की पुन्हा. ते आकडे सांगत होते, मी लिहीत होते. त्यांनी अख्ख्या धारची मापं घेतली आहेत. रेवाचं माप त्यांनी आजवर घेतलं नव्हतं. ती उभी राहत नाही म्हणून तिचे फ्रॉक अंदाजाने शिवत.

"अंकल, एक-दो इंच इधर-उधर चलता है," विक्रेता म्हणाला.

"नहीं चलता."

मी पैसे भरले. बाबांनी पावती दोनदा वाचली. मग विक्रेत्याला म्हणाले, "दस्तखत गाड़ी में बिठाके करेंगे."

गाडी आली. रेवा त्यात बसते. पाय वेगळे राहतात. गोष्ट इथे संपत नाही. माईसाहेबांच्या घरचं काम बंद झालं. त्यांच्या ओळखीतल्या आणखी चार घरांचंही. दिवाळीच्या आधी, जेव्हा बाबांना पाणी प्यायला फुरसत नसायची, तेव्हा ते मशीनवर कापड टाकून दुकानाच्या पायरीवर बसून होते. समाजाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आईला आलं नाही. बाजारात लोक थांबून बघतात. एकीने विचारलं, "ही तीच का, माईसाहेबांनी दिलेली?" आईने नाही म्हटलं. ती बाई म्हणाली, "पण दिली होती ना."

दिली होती. रजिस्टर तसंच सांगतं.

आणि रेवा वाढतेय. मॅडम म्हणाल्या, तीन वर्षांत ही गाडी लहान होईल. तेव्हा माझ्याकडे विकायला स्कूटी नसेल.

समाजाची घटना, म्हणजे नियमावली, मी मागून आणली. जुन्या वळणाची मराठी. वाचायला मला दोन रविवार लागले. घरटी एकच सभासद असतो असं सगळे समजून आहेत. तसं कुठेही लिहिलेलं नाही. अठरा वर्षांवरची कुठलीही व्यक्ती सभासद होऊ शकते, दोन सभासदांच्या सह्या हव्यात. निधीचं रजिस्टर कुठलाही सभासद सभेत मागू शकतो.

बाबांनी पहिली सही केली. आधी फॉर्म पूर्ण वाचला, मग केली. दुसरीसाठी मी सात घरी जाऊन आले. पाच जण नाही म्हणाले, दोघांनी दारच उघडलं नाही. अजून बरीच घरं आहेत. मी लाजते, बेल वाजवल्यावर पळून जावंसं वाटतं. तरी वाजवते.

मला माईसाहेबांची माफी नको. मला त्या रजिस्टरमधली ती ओळ सभेत मोठ्याने वाचायची आहे. ती सगळ्यांसमोर खोडलेली हवी, आणि ज्याने खोडली त्याची सही खाली हवी. मला बसायला सांगतील. मी बसणार नाही.